डाव्या कानातला ढोल

आधीच सांगून ठेवतो — आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाही. बापानं देव्हारा काढला अन् त्या कोनाड्यात कंदील ठेवला. जिथं देवाचीच सुट्टी झाली तिथं भुताला कोण विचारते? अंगात येणं, चकवा लागणं, करणी... या गोष्टींवर मी सत्तर वर्षं हसत आलो अन् आजही हसतो. पेपरच्या या भुताखेतांच्या सदरात लोक पांढऱ्या साड्या अन् उलटे पाय लिहितात, ते मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो, मग दोघं मिळून हसतो. आता माझंच लिहायची पाळी आली. तुम्हीही हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी डोमाजी, राहणार सिंदेवाहीजवळ. चौथी पास. त्यामुळं शुद्धलेखनाच्या चुका ज्यांना काढायच्या असतील त्यांनी काढाव्या, मी काही बदलणार नाही. नोकरी सारी माजरीकडं कोळशाच्या खाणीत झाली. डावा कान तिथंच ठेवून आलो. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. सुरुंगाचा बार उडवायची शिट्टी झाली होती, सगळे मागं सरले, अन् मी जेवणाचा डबा राहिला म्हणून परत फिरलो. लोक ओरडून राह्यले होते. मी म्हटलं, अजून टाइम आहे. टाइम नव्हता. तेव्हापासून डाव्या बाजूनं दुनिया बंद ती बंदच.

रिटायर झाल्यावर मी कॉम्प्युटरवर म्यूझिक करायला शिकलो. पोरीनं नवा लॅपटॉप घेतला, जुना मी उचलला. लग्नाचे डीजे ट्रॅक, जयंतीच्या मिरवणुकीचे, झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक आला की लागणारे धडामधुडूम आवाज — सगळं करतो. कोणी शिकवलं नाही. बिघडवून बिघडवून शिकलो. बायको तेव्हा म्हणाली,

"एक कान घेऊन म्यूझिक करते म्हनते! एक डोया झाकून मोटार चालव मंग."

"मोटार नाई येत मले," मी म्हटलं. "म्यूझिक येते."

येत नव्हतं. पण म्हणून टाकलं म्हणजे मग शिकावं लागते.

आता लांबलांबची पोरं फोन करतात, बाबाजी कसं करता सांगा. ते इथंच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. एखादा आवाज दबला वाटला की पोरं त्याला वर ढकलतात. मग दुसरा दबतो, तोही वर. शेवटी सगळेच वर अन् ऐकायला नुसता गलका. दबलेल्याला वर नेऊ नका, ज्यानं दाबलं त्याला खाली घ्या. किकचं, म्हणजे मशीनमधल्या जड ठोक्याचं, पोट अन् ढोलाचं पोट एकाच जागी बसवू नका — खालचा जड आवाज एकाचा ठेवा, दुसऱ्याचा कापा. दोन्ही बाजूंचा आवाज एक करून ऐकत जा. मला तर पर्यायच नाही, पण मांडवातला भोंगाही एकाच कानाचा असते हे विसरू नका. अन् माणसानं हातानं वाजवलेलं असेल तर ते प्रोग्रामच्या रेघांना चिकटवून सरळ करू नका. हात थोडा मागंपुढं पडते, नाचणाऱ्याचा पाय तिथंच बसते.

लूप कुठून कापायचा, ते राहिलं. ते पुढं येते. तिथंच मी चुकलो.

लालसू माझा दोस्त. त्याचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक मला अजून घरात घेतात. आम्ही दोघं तरुण होतो तेव्हा तो माजरीला ठेकेदाराकडं कोळसा भरायला आला होता. आमच्याच चाळीत राहायचा. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला,

"डोमा, तुमी लोक जमिनीच्या पोटात हात घालता, तिले इचारता तरी का?"

"इचाराले तिचा पत्ता सांग नं," मी म्हटलं.

तो हसला नाही. दोन वर्षं टिकला अन् गावी निघून गेला. पण मैत्री टिकली. तो देवाचा माणूस, मी बिनदेवाचा. तो झाडाला हात जोडायचा, मी झाडाखाली विडी ओढायचो. चाळीसेक वर्षं असंच चाललं.

त्याच्या घरी ढोल आहे. बापाचा ढोल, त्याच्या बापाचा. त्यांच्या घराण्याची एक रीत आहे — लग्न नवरदेवाच्या गावी लागते, पण पोरीला अंगणातून बाहेर काढताना बापानं स्वतःच्या हातानं ढोल वाजवायचा. ती त्या ढोलावरच अंगण ओलांडते. दुसऱ्यानं त्या ढोलाला त्या दिवशी हात लावायचा नाही, भावानंही नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी त्याच्याकडं गेलो होतो. त्याच्या अंगणात, चिंचेखाली, मोबाइल दगडाला टेकवून ठेवला अन् म्हटलं, "लालसू, लग्नाचा ढोल वाजव. मले पाहिजे."

"तुया कंप्युटरात टाकाले?"

"हो."

"थो उष्टा नाई होनार नं?"

"माह्या कंप्युटरात कोनी जेवत नाई गा!"

मग वाजवला. चाळीसेक सेकंद झाले असतील अन् मोबाइलवर बायकोचा फोन आला — येताना मोहफुलं आणजो म्हणून. रेकॉर्डिंग तिथंच तुटलं. मी म्हटलं पुन्हा वाजव, शेवटपर्यंत पाहिजे. लालसूनं ढोल खाली ठेवून दिला.

"शेवट आता नाई. शेवट पोरगी निघते तवाच वाजवतेत. शेवंताच्या लग्नात ये, तवा आयकजो."

शेवंता त्याची एकुलती एक पोरगी. आई नाही तिला. लहानपणापासून हॉस्टेलात शिकली, आता गडचिरोलीत दवाखान्यात नर्स आहे.

पुढच्या हिवाळ्यात लालसूला लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता 'आँ' निघायचा. अन् त्यानंतर शेवंताचं लग्न ठरलं.

तिनं मला फोन केला. "मोठेबाबा, तुमच्यापाशी बाबाचा ढोल हाये म्हने, मोबाइलातला."

"हाये."

"थो लावता येईन का मांडवात? लोक म्हनतेत डीजे लाव अन् चाल. मी डीजेवर अंगन नाई ओलांडत. बाबाचा हात वाजला पाह्यजे. नाई तर मी इथीच राह्यतो."

रेकॉर्डिंगमधला हात हा हात होय का, यावर त्यांच्याकडं बरीच बोलाचाली झाली म्हणे. लालसूची मोठी बहीण जुरीबाई — तिच्या शब्दावर तिथं सारं चालते — शेवटी म्हणाली, हात त्याचाच आहे, चालते. मी शेवंताला म्हटलं, "असा वाजवतो पोरी, का सारं जंगल उठून नाचंन." मला असंच बोलायची सवय आहे.

झालं. मी कामाला लागलो.

चाळीस सेकंदांचा ढोल. त्याचा अर्धा तास चालणारा ट्रॅक करायचा म्हणजे एक आवर्तन कापून तेच फिरवत राहायचं. लूप म्हणतात त्याला. स्क्रीनवर आवाजाची लाट दिसते — मोठा ठोका असेल तिथं उंच डोंगर, बारीक असेल तिथं टेकडी. मला एकच कान, तोही सत्तरीचा. म्हणून मी डोळ्यानं कापलं. सगळ्यात उंच डोंगर दिसला, म्हटलं हाच पहिला ठोका. तिथून कापला अन् त्याच डोंगरावर किक बसवली. किक बसवली की ऐकणाऱ्याचा 'एक' तिथं पक्का होतो, मग तो दुसरीकडून मोजूच शकत नाही. खाली थोडा बेस दिला, बाकी काही नाही. ढोल मोकळा ठेवला. चांगला झाला होता हो. अजूनही म्हणतो, आवाज म्हणून चांगला झाला होता.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी लालसूला ऐकवायला गेलो. मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, मग धानोऱ्याची बस अन् पुढं कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं. लालसू आत खाटेवर होता. शेवंता रजेवर आलेली. मी मोबाइलवर ट्रॅक लावला अन् त्याच्या कानाजवळ धरला.

त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. धार लागली. डावा हात उचलून तो खाटेच्या लाकडावर ठोके मारायला लागला. पण ठोके ट्रॅकवर बसत नव्हते, भलतीकडंच पडत होते. 'आँ, आँ' करत होता. मी त्याचा हात धरला, म्हटलं,

"राहू दे गा, राहू दे. लकव्यानं ताल नेला तुया. आता मी वाजवतो, तू नुसता आयक."

शेवंता म्हणाली, "बाबाले लय आवडलं, मोठेबाबा. कसा रडते पाहा."

"आवडंनच," मी म्हटलं. "कोनी केलं?"

लालसूनं हात सोडवून घेतला अन् पुन्हा मारायला लागला. मी पुन्हा धरला. मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. बायको अंगणात धान पाखडत होती. मी हेडफोन घालून तोच ट्रॅक लावला, आवाज जरा बारीक करून पाहायला. बारीक आवाजात ऐकलं म्हणजे काय जास्त झालं ते उघडं पडते.

उजव्या कानात माझा ट्रॅक. अन् डाव्या कानात... ढोल.

डाव्या कानात मला कित्येक वर्षं काही ऐकू आलं नव्हतं. गाडीचा हॉर्न नाही, मेघाचा गडगडाट नाही, काही नाही. आणि तिथं ढोल वाजत होता, स्वच्छ, इतका जवळ की चामड्याला हात लागल्याचं कळत होतं. लालसूचाच ढोल, लालसूचाच हात. पण माझ्या ट्रॅकबरोबर नव्हता. माझा 'एक' जिथं पडे त्याच्या दोन ठोके आधीच तो सुरू झालेला असायचा.

मी हेडफोन उलटे घातले. ढोल डाव्यातच. हेडफोन काढले. लॅपटॉप चालू, स्क्रीनवर रेघ धावत होती, ढोल डाव्या कानात चालूच. वायर उपटली, लॅपटॉपचा आवाज शून्यावर नेला. खोलीत सुपाच्या आवाजाशिवाय काही नाही, उजवा कान रिकामा — अन् डाव्यात ढोल. बायकोला हाक मारली.

"काही आयकू येते का?"

"येते नं. म्हातारा येडा झाल्याचा आवाज येते."

मी रेघ थांबवली. ढोल लगेच तुटला नाही. वाजवणारा जसं आटोपतं घेतो तसं त्यानं आटोपतं घेतलं — तीन ठोके, मग मोकळी जागा, मग दोन ठोके, अन् शेवटी तळहात चामड्यावरून फिरवल्याचा आवाज. खस्स... मग गप्प. पुन्हा रेघ सुरू केली, पुन्हा ढोल. थांबवली, तीन ठोके, जागा, दोन, खस्स. मी दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा तसंच.

भीती वाटली का? खोटं कशाला सांगू, वाटली. पण त्याहून जास्त राग आला. मी कोण आहे, अन् माझ्या कानात हे काय?

चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं काचेच्या खोलीत बसवून मशीन लावलं. म्हणाला, डावा कान पूर्ण बंद आहे, काही ऐकू येणं शक्य नाही. मग मी ढोलाचं सांगितलं. तर म्हणाला, कान बंद असला तरी मेंदू गप्प बसत नाही, आठवणीतून आवाज काढत राहतो, असे पेशंट येतात माझ्याकडं. गोळ्या दिल्या. माझं समाधान झालं. पाहा, मेंदू! भूत नाही, देव नाही, मेंदू. घरी येऊन मी डाव्या कानात कापसाचा बोळा घातला.

"बंद कानात बोया?" बायको म्हणाली. "कुलपाले कुलूप लावून राह्यला का?"

"मले डिस्टर्ब होते."

"थो का म्हनते थे तरी आयक एकदा."

"कोन थो? कोनी नाई तिथी!"

बोळ्यानं काही फरक पडला नाही. रोज ट्रॅक लावला की डाव्यात ढोल सुरू व्हायचा, रोज दोन ठोके आधी, अन् मी रोज त्याच्याकडं पाठ करून उजव्या कानानं काम करायचो. तो म्हणते म्हणून मी माझा लूप हलवू? बंद कानाचं ऐकून? लोकांना काय सांगू? बारा-तेरा दिवस असेच गेले. ट्रॅक पेन ड्राइव्हमध्ये टाकला. लॅपटॉपही सोबत घेतला, ऐनवेळी काही कमीजास्त करायचं झालं तर असावा म्हणून.

लग्नाच्या दिवशी दुपारी अंगण माणसांनी भरलं होतं. पोरीला न्यायला आलेले नवरदेवाकडचे पाहुणे एका बाजूनं सतरंजीवर. धानोऱ्याचा डीजेवाला पिकअपवर भोंगे बांधून उभा. लालसूला दोघांनी उचलून खाटेसकट अंगणात, दाराजवळ आणलं होतं. नवी बंडी घातली होती त्याला. शेवंता हळदीच्या लुगड्यात आत उभी. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून रांग धरली. मी डीजेवाल्याला खूण केली.

ढोल सुरू झाला. मी छाती काढून उभा राहिलो.

रांग दोन पावलं चालली अन् थांबली. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं कमरेतला हात सोडला. मग दुसरीनं. एक म्हातारी खाली मातीत बसली अन् डोक्यावरून पदर ओढून तिनं हेल काढायला सुरुवात केली... ते गाणं नव्हतं. माणूस गेल्यावर काढतात ते होतं.

जुरीबाई माझ्याकडं आली. कमरेत वाकलेली, पण माझ्यासमोर सरळ उभी राहिली.

"डोमाभाऊ, कोन मेलं?"

"काऊन? का झालं?"

"मांडवाचा ढोल खालून वर चढते. हा वरून खाली उतरून राह्यला. हा मातीचा ढोल होय. मानसाले मातीत देतानी वाजवतेत. कोन मेलं सांग नं?"

डीजेवाल्यानं आवाज बंद केला. नवरदेवाचा मामा सतरंजीवरून उठला, त्याच्या मागं आणखी चार-पाच उठले. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पायात चपला घालून राह्यले होते. दारात शेवंता उभी होती, तिला काय झालं ते कळलं नव्हतं, ती माझ्याकडं पाहत होती. अन् लालसू खाटेवर डाव्या हातानं लाकडावर मारत होता. दोन बारीक ठोके, मग मोठा. दोन बारीक, मग मोठा. लकव्यानं त्याचा ताल नेला नव्हता. तो पंधरा दिवसांपूर्वीही हेच सांगत होता, अन् मी त्याचा हात धरून ठेवला होता.

"दहा मिनिटं बसा," मी पाहुण्यांना म्हटलं. "चूक ढोलाची नाई, माही हाये." असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. नवरदेवाचा मामा उभाच राहिला, पण गेला नाही.

मी पिकअपच्या फाळक्यावर लॅपटॉप उघडला. लाट समोर दिसत होती, पण कुठून कापू ते डोळ्याला दिसत नव्हतं. मग मी लॅपटॉपचा आवाज शून्यावर ठेवून रेघ सुरू केली.

डावा कान लगेच बोलला.

त्यानं जिथून सुरुवात केली तिथं मी बोट ठेवलं. त्या जागी लाट इतकी बारीक होती की मी तिला कचरा समजलो होतो — दोन हलके ठोके, मोबाइलनं जेमतेम धरलेले. ढोल त्या दोन ठोक्यांपासून सुरू होत होता. तिथून कापला. त्या दोन ठोक्यांचा आवाज वाढवला. किक पूर्ण काढून टाकली, बेस काढला, काहीच ठेवलं नाही. वायर डीजेवाल्याच्या मशीनला जोडली.

"चालू कर."

ढोल वाजला. तेच ठोके, तोच क्रम, पण आता तो पायऱ्या चढल्यासारखा वर जात होता. जुरीबाई मान वाकडी करून ऐकत राहिली. मग तिचा उजवा पाय हलला. मातीत बसलेली म्हातारी उठली, पदर मागं टाकला. रांग पुन्हा जुळली. नवरदेवाचा मामा बसला नाही, पण चपला काढल्या. शेवंता उंबऱ्याबाहेर आली, बापाच्या खाटेपाशी थांबली, मग अंगण चालायला लागली.

ती अंगणाच्या कडेला पोचायला आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, माझ्याकडं शेवट नाही. शेवट रेकॉर्डच झाला नव्हता. लूप फिरतच राहील नाही तर मधेच तुटेल. मी ढोलातला एकेक ठोका वेगवेगळ्या बटनावर लावून ठेवला होता, गरज पडते कधी. रेकॉर्डिंगच्या टोकाला फोन आल्यावर लालसूनं चामड्यावर हात टेकवला होता, तो घासल्याचा आवाजही होता. शेवंतानं कडेवर पाय उचलला अन् मी लूप थांबवून बोटानं मारलं — तीन ठोके. जागा. दोन ठोके. खस्स...

लालसूच्या तोंडातून आवाज निघाला, 'आँ' नाही, दुसराच काहीतरी. जुरीबाई रांगेतून बाहेर आली. माझं मनगट धरलं. म्हातारीचा हात इतका गच्च लागला की दुखला.

"हे कुठी आयकलं तुनं?"

"लालसूपासून."

"लालसूनं हे आजवर वाजवलंच नाई. पोरगी निघाल्याशिवाय हे वाजवतच नाई. माह्या बापानं वाजवलं, मी निघालो तवा. तवा तू कुठी होता?"

मी तेव्हा माजरीतही नव्हतो. या लोकांचं नावही मला माहीत नव्हतं.

शेवंता गेली. लग्न लागलं. पण सगळं गोड झालं असं समजू नका. पावसाळ्यात तिच्या सासरचा बैल विजेनं मेला, तर सासू म्हणाली, मांडवातच मातीचा ढोल वाजला होता. नवरा तापानं पडला, तर तेच. शेवंता फोनवर मला हसून सांगते, पण हसणं कसं असते ते एका कानालाही कळते. म्हणते, "मोठेबाबा, तुमी मनाले लावून घेऊ नका." मी म्हणतो, नाई घेत.

पोळ्याच्या आधी लालसूकडं गेलो. आणखी वाळला होता. जुरीबाईनं चहा दिला अन् बाहेर गेली. मी त्याच्या खाटेपाशी बसलो, म्हटलं, "लालसू, माह्या कानात तू होता का?" त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग मी म्हटलं, "चुकलो गा." मी त्याचा डावा हात उचलून खाटेच्या लाकडावर ठेवला. म्हटलं, त्या दिवशी मारत होता तसा मार, आता आयकतो.

त्यानं हात उचलला अन् गोधडीखाली घेतला.

बाहेर पाऊस होता, थंडी वाजली असेल. मी तासभर बसलो. मग बसची वेळ झाली.

डॉक्टर म्हणाला होता, मेंदू आठवणीतून आवाज काढतो. काढत असेल. पण जे मी कधी ऐकलंच नाही ते आठवणीत कुठून आलं, हे विचारायला मी पुन्हा त्याच्याकडं गेलो नाही. देव मी मानत नाही, भूत मानत नाही, हे वरच लिहिलं आहे अन् ते बदलणार नाही. तुमच्यापैकी कोणी शिकलेला असेल अन् त्याला कळत असेल तर लिहून कळवा, मी वाचीन.

ट्रॅक अजून लॅपटॉपमध्ये आहे. सकाळी बायको अंगणात गेली की मी कधीकधी वायर उपटून, आवाज शून्यावर ठेवून तो लावतो. रेघ धावते, शेवटाला पोचते, थांबते. डाव्या बाजूनं काही येत नाही.